आधी बुटोबा

पुण्यात भर रस्त्यात पाऊस गाठतो तेव्हा साधा माणूस डोकं झाकतो, आयटीतला माणूस लॅपटॉप झाकतो आणि बुटोबा बूट झाकतो. कर्वे रस्त्यावरच्या एखाद्या बंद दुकानाच्या पायरीवर तो तुम्हाला दिसेल. केसांतून पाणी ओघळतंय, शर्ट अंगाला चिकटलाय, आणि हा वाकून दोन्ही पायांत दुधाच्या रिकाम्या पिशव्या चढवून वर रबर बांधतोय. लोक हसतात, त्याला त्याचं काही नाही. माणसाचं कातडं आपोआप वाळतं, बुटाचं वाळवावं लागतं, हे त्याला ठाऊक असतं.

बुटोबा हा अलीकडचा प्राणी. वय तिशी ते पंचेचाळिशी, नोकरी बरी, कर्जाचे हप्ते चालू. यापूर्वी तो फाउंटन पेनांच्या नादी लागलेला असतो, त्याआधी कॉफीच्या. पेन खिशात राहतं आणि कॉफी पोटात जाते, त्यामुळे तोपर्यंत घरच्यांना फारसा त्रास नसतो. बूट मात्र दारात राहतात, आणि आपल्याकडे दार म्हणजे सार्वजनिक जागा. बुटोबाच्या दाराशी पाटी आहे : ‘कृपया या बुटांवर आपल्या चपला काढू नयेत.’ खाली बारीक अक्षरात : ‘शेजारीही काढू नयेत.’ मग काढाव्यात कुठे, यावर पाटी मौन बाळगते.

खरेदीचा निर्णय झाल्यापासून प्रत्यक्ष खरेदी होईपर्यंत अनेक महिने जातात. आमच्या ओळखीत एकाचं लग्न याहून कमी चौकशीत ठरलं. या काळात बुटोबा कातड्याचा अभ्यास करतो. घरात अंडं शिजत नाही, पण घोड्याच्या पुठ्ठ्यावरच्या कातड्याबद्दल तो तासभर बोलू शकतो. त्याला शेल कॉर्डोव्हन म्हणतात, ते कमवायला सहा महिने लागतात, शिकागोत हॉर्वीन नावाची 1905 सालची टॅनरी आहे आणि ती अजून हे काम करते. ही माहिती त्याने मला एका बारशाच्या पंगतीत, श्रीखंड वाढलं जात असताना दिली. बाळाचं नाव काय ठेवलं ते मात्र त्याला घरी जाताना बायकोला विचारावं लागलं.

‘जेन्युइन लेदर’ असा शिक्का पाहून आपण सुखावतो. बुटोबा तो शिक्का पाहून कीव करतो. चामडं खरं आहे एवढंच त्यातून कळतं, कुठल्या थरातलं आणि कुठल्या प्रतीचं ते कळत नाही. उत्तम ते फुल ग्रेन, म्हणजे वरचा थर न घासता तसाच ठेवलेला. त्यात जनावराच्या अंगावरचे ओरखडे, डासांचे डाग, मानेच्या सुरकुत्या सगळं दिसतं. आपण दुकानात डाग दिसला की दुसरा नग दाखवा म्हणतो. हा डाग दाखवा म्हणतो.

मग मापं. पाय दिवसभरात थोडे सुजतात, म्हणून माप संध्याकाळी घ्यायचं, आणि जे मोजे बुटात घालायचे तेच घालून. स्वयंपाकघराच्या फरशीवर कागद, त्यावर बुटोबा उभा, बायकोने खाली बसून पेन्सिल अगदी उभी धरून पायाभोवती फिरवायची. पेन्सिल जरा आत कलली की माप कमी भरतं, म्हणून कागद फाडून पुन्हा. गॅसवर आमटी उतू जाते. यातून त्याला शोध लागतो की त्याचा डावा पाय उजव्यापेक्षा किंचित लांब आहे. पुष्कळांचे दोन पाय सारखे नसतात, पण चाळिशीपर्यंत ते कळलं नाही म्हणून कुणाचं अडलेलं मी पाहिलेलं नाही. बुटोबा मात्र त्यानंतर ओळख करून देताना रक्तगटासारखा तो तपशील सांगतो.

नुसती लांबी मोजून भागत नाही. अमेरिकेत 1920च्या दशकात चार्ल्स ब्रॅनॉक नावाच्या गृहस्थाने पाय मोजायचं एक धातूचं साधन काढलं. ते तीन गोष्टी मोजतं : टाचेपासून बोटापर्यंत, टाचेपासून चवड्यापर्यंत, आणि रुंदी. यातलं मधलं माप सगळ्यात महत्त्वाचं. पाय चवड्यात वाकतो, बूटही नेमका तिथेच वाकला पाहिजे. नाहीतर कातडी एका ठिकाणी मोडते आणि पाय दुसऱ्या ठिकाणी. आपल्या दुकानांत ‘आठ नंबर द्या’ म्हटलं की आठ नंबर मिळतो आणि प्रश्न मिटतो. बुटोबाचा तिथे सुरू होतो. ब्रिटिश आठ म्हणजे अमेरिकन साधारण नऊ, शिवाय ज्या लाकडी फर्म्यावर बूट बेतला त्याचं पोट किती मोठं यावर अर्धा नंबर वरखाली. हे सगळं त्याने एक्सेलमध्ये मांडलं आहे. तेवढी तपशीलवार फाइल त्याने आयकरासाठीही कधी केलेली नाही.

शेवटी ऑर्डर जाते. परदेशातून मागवावं तर जकात बुटाच्या गळ्याशी येते, आणि खरं सांगायचं तर आता त्याची गरजही उरलेली नाही. चेन्नई, अंबूर, आग्रा इथे पिढ्यान्‌पिढ्या चामड्याचं काम करणारे हात आहेत आणि त्यांनी शिवलेले बूट साहेबाच्या देशात जातात. बुटोबाने दक्षिणेतल्या एका कारागिराकडून वेल्टचे बूट करून घेतले. वेल्ट म्हणजे बुटाच्या कडेने फिरणारी चामड्याची पट्टी. वरचं कातडं आणि आतला तळ या पट्टीला शिवतात, आणि बाहेरचा सोल पुन्हा वेगळा त्याच पट्टीला शिवतात. त्यामुळे सोल झिजला की तेवढाच उसवून नवा मारता येतो आणि वरच्या बुटाला धक्का लागत नाही. पूर्वी हे सगळं आरी आणि मेणाचा दोरा घेऊन हातानेच चाले. 1870च्या सुमाराला चार्ल्स गुडइयर ज्युनियरने त्याचं यंत्र बाजारात आणलं, म्हणून यंत्राच्या शिलाईला गुडइयर वेल्ट म्हणतात. हे ऐकून सासरे म्हणाले, “टायरवाले का? मग टिकतील.” टायरची कंपनी 1898ची, तिचा या मुलाशी संबंध नाही, त्याच्या रबरवाल्या बापाचं फक्त नाव तिने घेतलं, असं बुटोबाने त्यांना सविस्तर समजावलं. सासऱ्यांनी त्यानंतर त्याला काही विचारायचं सोडून दिलं आहे.

बूट घरी आले त्या दिवशी सगळ्यांना वास घ्यावा लागला. आजी देवघराच्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या, “चामडं आहे ना? मग तिकडेच ठेव.” बुटोबाला तेवढंही प्रोत्साहन पुरलं.

आणि मग सुरू झालं ते बूट रुळवण्याचं पर्व. चांगला बूट पहिल्या दिवशी पायाला दाद देत नाही. जाड कातडी, टणक टाच, आणि आतल्या तळाखाली बुचाच्या सालीचा थर, जो हळूहळू दबून तुमच्याच पायाचा ठसा घेतो. हा ठसा उमटेपर्यंत पायाची सालं निघतात. नियम असा, की पहिले काही दिवस घरातच, सतरंजीवर, तास-दोन तास. सतरंजीवर कारण तळ झिजला नाही तर वेळ पडल्यास बूट परत करता येतात. म्हणून संध्याकाळी सात ते नऊ हा हाफ पँट, लोकरी मोजे आणि घोट्यापर्यंतचे बूट अशा वेषात हॉलमध्ये येरझारा घालतो. कुरियरवाला एकदा पार्सल हातात देऊन सही न घेताच गेला.

“टाच जरा वर सरकतेय,” तो आनंदाने सांगतो. ते चांगलं लक्षण आहे म्हणे. सोल अजून ताठ आहे म्हणून टाच उचलली जाते, तो वाकायला लागला की आपोआप थांबते. करंगळीला फोड आला, तर तेही चांगलं लक्षण. दोन्ही टाचांना पट्ट्या लावून ऑफिसात लंगडत गेला तेव्हा साहेबांनी विचारलं, ट्रेकला गेला होतास का? हा म्हणाला, नाही, घरीच होतो.

त्याचे वडील निवृत्त होऊन सांगलीहून मुलाकडे राहायला आले आहेत. त्यांच्या पायात कोल्हापुरी. त्यांनी दोन दिवस हा सोहळा पाहिला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, “अरे, एरंडेल लाव आणि ठेव रात्रभर. नवं पायताण चावतंच.”

“बाबा, हे व्हेजिटेबल टॅन्ड आहे. झाडांच्या साली वापरून कमावलेलं.”

“मग हे काय आहे?” बाबांनी पाय पुढे केला. “बाभळीची साल आणि हिरडा. कारखान्यात औषधं घालून एका दिवसात उरकत नाहीत.”

बुटोबा गप्प झाला, कारण ते खरं होतं. ज्या पद्धतीसाठी त्याने महिनोन्‌महिने वाचन केलं ती उंबऱ्याबाहेर चाळीस वर्षं उभी होती, वादीने शिवलेली, खिळा न मारलेली. 2019 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. बाबांना ते माहीत नव्हतं आणि कळल्यावरही त्यांनी चप्पल वेगळ्या पद्धतीने काढली नाही. एरंडेल मात्र बुटोबाने लावलं नाही. त्याने मिंक ऑइलचा डबा मागवला. बाबांनी चष्मा लावून डबा वाचला, मिंक म्हणजे काय ते विचारून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे एका जनावराच्या कातड्याला दुसऱ्या जनावराची चरबी. आणि आपल्याकडे कांदा-लसूण चालत नाही.”

आता बूट बऱ्यापैकी रुळले आहेत, पण ते रोज घालायचे नसतात. आतला घाम सुकायला एक दिवसाची विश्रांती हवी. विश्रांतीच्या दिवशी त्यांच्या पोटात सीडर लाकडाचे ठोकळे घालतात, घोड्याच्या केसांच्या ब्रशने पाठ चोळतात, पावसाळ्यात बुरशी येऊ नये म्हणून दर रविवारी बाहेर काढून पुसतात. बाबांची दुखरी कंबर कुणी अशी चोळल्याचं ऐकिवात नाही. एवढं करून हेतू काय, तर बूट जुने दिसावेत. नवा चकाचक बूट त्याला लाजिरवाणा वाटतो. कातड्याचा रंग काळवंडून, घासून, तेल पिऊन जी कळा येते तिच्यासाठी हा सगळा खटाटोप. “दहा वर्षांनी बघ,” तो म्हणतो. दहा वर्षांनी काय होईल ते घर, नोकरी, गुडघे यांपैकी कशाबद्दलही तो इतक्या खात्रीने सांगत नाही.

बुटोबाची खरी अडचण ही की तो महाराष्ट्रात जन्मला. मिनेसोटातल्या रेड विंग गावचा लाकूडतोड्या बूट सकाळी चढवतो आणि रात्री काढतो. आपल्याकडे दर उंबऱ्यावर पाय मोकळे करावे लागतात. गणपतीत हा माणूस पाहावा. घोट्यापर्यंतचा बूट, खाली भोकं, वर हुक, नाडी दीड वाव. आतून टाळांचा आवाज सुरू होतो तेव्हा हा दारात एका पायावर उभा राहून पहिली गाठ सोडत असतो. नाडी ओढून बूट उपटला तर मागची शिवण ताणते, म्हणून प्रत्येक हुक वेगळा सोडायचा आणि बुटाची जीभ हळूच पुढे ओढायची. मंत्रपुष्पांजलीच्या शेवटाला तो मोज्यांवर आत येतो, हातावर खिरापत घेतो आणि पुन्हा दारात जाऊन बसतो, कारण पुढच्या घरची आरती साडेसातला असते. देवळांत बाहेर ठेवायची तर सोयच नाही, तिथे आयुष्यभराची पुंजी दोन मिनिटांत जाते. म्हणून दगडूशेठ हे त्याचं लाडकं देवस्थान. बाप्पा रस्त्यावरूनच दिसतो.

आता ज्या प्रसंगाबद्दल तो स्वतः बोलत नाही, तो. एका हुकाची पकड सैल झाली म्हणून तो बूट घेऊन कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्या मामांकडे गेला. पिंपळाखाली पेटी, लोखंडी तिवई, पाण्याचा डबा, आरी, रापी. मामांनी बूट हातात घेतला, उलटा केला, वेल्टच्या टाक्यांवरून अंगठ्याचं नख फिरवलं. “शिलाई झकास आहे. बसून केलेलं काम आहे.” बुटोबा फुलला. मग मामांनी बूट सुलटा केला, पुढच्या भागावर जिथे सुरकुत्या पडल्या होत्या तिथे बोट ठेवलं, आणि याच्या पायाकडे एकदा पाहून म्हणाले, “अर्धा नंबर मोठा घेतलात साहेब. मोड पुढे गेलीय.”

ब्रॅनॉक, एक्सेल, आमटी, सगळं त्या बोटाखाली गेलं. मामांनी हुक ठोकून दिला, वर सांगितलं की आत एक पातळ पातावा घाला, जमून जाईल, आणि दहा रुपये मागितले. बुटोबाने पन्नास दिले आणि सुट्टे घेतले नाहीत.

पातावा घातला आणि जमून गेलं. तेव्हापासून तो मामांना मानतो. दर पंधरा दिवसांनी काहीतरी निमित्त काढून तिथे उकिडवा बसतो, टाच कशी बसवतात ते पाहतो, नको तितके प्रश्न विचारतो. आम्ही बाकीचे चिकटवलेल्या सोलचे जोडे वर्ष-दीड वर्षात कचऱ्यात टाकतो आणि सेल लागला की नवे आणतो. आमच्या अख्ख्या सोसायटीत मामांशी कामापलीकडे चार शब्द बोलणारा हा एकटाच आहे. त्याची टिंगल करताना मी ही गोष्ट विसरत नाही, पण टिंगल थांबवण्याइतकी ती मोठीही वाटत नाही.

तुमच्या ओळखीत असा कुणी असेलच. यंदा गणपतीला त्याला जरूर बोलवा, पण आरतीची वेळ वीस मिनिटं आधीची सांगा आणि दाराजवळ एक स्टूल ठेवा. लाकडी ठेवा. आमच्याकडचं प्लास्टिकचं होतं, ते गेल्या वर्षी दुसरा बूट ओढताना मोडलं.