पद्मिनीचं पथ्यपाणी

आमच्या पद्मिनीला सिंथेटिक ऑइल घालावं की साधं, हा प्रश्न आमच्या घरात माझ्याशिवाय कुणालाही पडत नाही. बायकोलाही गाडीबद्दल एक प्रश्न पडतो, पण त्यात ऑइलऐवजी 'भंगार' हा शब्द येतो.

जुनी गाडी पाळणाऱ्याला मिरवायला फारसं काही नसतं. सनरूफ नाही, कॅमेरा नाही. आमच्या प्रीमियर पद्मिनीत मागचं बघायचं तर मान वळवावी लागते. गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली आहे, त्यामुळं हल्लीची पोरं तो वायपर समजून ओढतात. अशा गाडीच्या मालकाला मोठेपणा दाखवायला एकच जागा उरते, ती म्हणजे ऑइलच्या दुकानाचा काउंटर. तिथं मी घसा साफ करून विचारतो, "फुल्ली सिंथेटिक आहे का?" शेजारी ट्रॅक्टरसाठी बादली घ्यायला आलेला शेतकरी माझ्याकडं आदरानं बघतो. गाडी मी दोन गल्ल्या पलीकडं लावलेली असते.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातला आमचा मिस्त्री या थाटाला भुलत नाही. तो ऑइलची पट्टी बाहेर काढतो, तिचं टोक दोन बोटांत चोळतो, वास घेतो आणि बोटं माझ्याच फडक्याला पुसतो.

"सायेब, गाडी रशियाला न्यायची हाय का?"

"नाही हो. रंकाळ्यापर्यंत."

"मग झिरो डब्ल्यू कशाला पायजे?"

डब्यावरच्या त्या 'डब्ल्यू'चा अर्थ विंटर, म्हणजे हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ते ऑइल कडाक्याच्या थंडीत वाहतं राहतं. झिरो डब्ल्यू ऑइल उणे चाळीस अंशांनाही पंपातून पुढं सरकलं पाहिजे, असा नियम आहे. आम्ही ज्याला जाडंभरडं म्हणून नाक मुरडतो, त्या वीस डब्ल्यूचीसुद्धा परीक्षा उणे वीस अंशांवर होते. आणि आमचा हिवाळा कसला? महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दवबिंदू गोठले की पेपरात फोटो येतो आणि इथं कोल्हापुरात आम्ही कानटोप्या काढतो. त्या थंडीत पद्मिनी सुरू झाली नाही तर दोष ऑइलचा नसतो, बॅटरीचा असतो.

आता इथं मला तेलाविषयी थोडं बोलू द्या. खायच्या तेलाविषयी. संपादकांनी हा भाग कापला तरी मी घरी बोलणारच आहे.

आई होती तोवर आमच्या घरात शेंगतेल यायचं, तेही ओळखीच्या घाण्यावरून. किटलीच्या तळाशी गाळ असायचा आणि घरभर वास. मग कुणीतरी हृदयाचं नाव काढलं आणि करडई आली. करडई रुळते न रुळते तोच सूर्यफुलाचं रिफाइंड आलं. त्याला रंग नाही, वास नाही, चवही नाही, म्हणून ते उत्तम, असं आम्हाला पटवण्यात आलं. पुढं भाताच्या कोंड्याचं तेल आलं. मध्ये काही दिवस ऑलिव्ह ऑइलची एक बाटली येऊन गेली. तिच्यात फोडणी घालायची की ती कानात घालायची, यावर घरात दोन तट पडले होते. हे सगळं झाल्यावर हल्ली मी दुप्पट पैसे मोजून काय आणतो? लाकडी घाण्याचं शेंगतेल! तळाशी गाळ, घरभर वास. बायको म्हणते, "सासूबाई हेच सांगत होत्या, पण तेव्हा ते स्वस्त होतं, म्हणून तुम्हाला पटलं नाही." आणि हे सारं अशा गावात, जिथं मिसळीच्या कटावर तेलाचा तवंग दिसला नाही तर गिऱ्हाईक वाटी परत पाठवतं.

सांगायचा मुद्दा असा की, स्वतःच्या पोटात जाणारं तेल शुद्ध नैसर्गिक हवं म्हणून हटून बसणारा मी गाडीच्या पोटात मात्र प्रयोगशाळेतलंच घालायला निघालो होतो. त्यातली गंमत पुढंच आहे. सिंथेटिक म्हणून विकलं जाणारं पुष्कळसं ऑइल मुळात जमिनीतल्या क्रूडमधूनच निघतं. हायड्रोजन, प्रचंड दाब आणि उष्णता यांच्या जोरावर त्याचे रेणू मोडून नव्यानं बांधतात, इतकंच. असं ऑइल सिंथेटिक म्हणून विकावं की नाही, यावरून अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांची जुंपली होती. १९९९ साली तिथल्या जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळानं कॅस्ट्रॉलच्या बाजूनं कौल दिला. म्हणजे मी ऐटीत जे मागत होतो, ते बऱ्याचदा अतिरिफाइंडच की!

तरी त्याची थोरवी मान्य केली पाहिजे. सिंथेटिकचे रेणू बरेचसे एकसारखे असतात. त्यामुळं ते उष्णतेत लवकर पातळ होत नाही, करपत नाही, त्याची काजळी कमी होते आणि ते जास्त किलोमीटर टिकतं. टर्बोवाल्या नव्या इंजिनाला ते हवंच. पण आमची पद्मिनी वर्षभरात जेवढी फिरते, तेवढं नवी टॅक्सी महिन्यात फिरते. आणि ऑइल नुसतं बसूनही बिघडतं. थोडं अंतर जाऊन बंद केलेल्या इंजिनात दमटपणा साठतो, चोक ओढला की कार्बोरेटरमधलं जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली चेंबरमध्ये उतरतं. हजारो किलोमीटर टिकणारं ऑइलसुद्धा मग वर्षाला बदलावंच लागतं. टिकाऊपणाचे पैसे मोजायचे आणि टिकू द्यायचं नाही, असा तो व्यवहार.

दुसरी गोष्ट जस्ताची. पद्मिनीचं खानदान इटलीतल्या फियाट अकराशेचं. इंजिन १०८९ सीसीचं, वाढली कुर्ल्याच्या कारखान्यात. या जातीच्या इंजिनात कॅमशाफ्ट थेट टॅपेटवर घासतो, आणि त्या घासण्याला जस्त-फॉस्फरसचं एक रसायन आड येतं. नव्या गाड्यांच्या पातळ ऑइलमध्ये ते कमी केलंय, कारण फॉस्फरस सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटलिटिक कन्व्हर्टरला बाधतो. माझ्या गाडीत कन्व्हर्टर नावाची वस्तूच नाही. जो अवयव नाही त्याचं पथ्य तिनं का पाळायचं?

सिंथेटिकनं सील फाटतात, ही कट्ट्यावरची अफवा मात्र खरी धरू नका. सुरुवातीच्या काळात काही सिंथेटिक ऑइलमुळं रबरी सील आकसायचे. पुढं कंपन्यांनी मिश्रण सुधारलं. आता होतं ते एवढंच की, सील मुळात कडक होऊन चिरलेला असतो आणि भेगेत वर्षानुवर्षांचा चिकटा बसलेला असतो. चांगलं ऑइल तो धुऊन काढतं आणि भेग उघडी पडते. मग महागडं ऑइल पार्किंगच्या फरशीवर ठिबकायला लागतं. ऑइलनं खरं बोलून दाखवलं, हाच त्याचा गुन्हा.

मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. खासगी गाडी पंधरा वर्षांची झाली की तिची पुन्हा नोंदणी करावी लागते. एप्रिल २०२२ मध्ये त्याची फी ६०० रुपयांवरून एकदम ५००० झाली होती, पर्यावरण कर निराळा. धूर कमी व्हावा हे मलाही मान्य आहे; नियमात बसत नसेल ती गाडी खुशाल थांबवा. पण गाडी कशी ठेवलीय हे बघायच्या आधी 'अजून चालवता?' असं जे विचारतात ना, ते मला झोंबतं. निवृत्त झाल्यापासून मलाही लोक साधारण त्याच सुरात प्रकृती विचारतात. भंगारवाल्यानं तर तिचं वजन विचारलं. मायलेज नाही, वजन!

सुट्या भागांच्या दुकानात 'आता येत नाही' हे ऐकून मी गेल्या वर्षी एक झिजलेला बुश घेऊन मिस्त्रीकडं परतलो, तर त्यानं तो हातात घेतला, उजेडात फिरवला आणि म्हणाला, "येत न्हाई म्हंजे काय? बनिवतो की." शेजारच्या लेथवर संध्याकाळपर्यंत बुश तयार झाला. टर्नरनं पैसे फार घेतले नाहीत. वर बुश बसवताना स्वतः येऊन उभा राहिला, नीट बसतोय का बघायला. या गावात ऑइल इंजिनं घडली, पंप घडले, ते असल्या माणसांच्या हातावर. पद्मिनी चालतेय ती त्यांच्या 'बनिवतो की'वर. डब्यावर काय छापलंय त्याचा वाटा त्यात फार थोडा.

तर जुन्या गाडीच्या मालकांनो, मिस्त्रीचा निकाल ऐका. गाडीच्या पुस्तकात लिहिलेली जाडी पाळा. आमच्यासारख्या झिजलेल्या इंजिनाला बहुधा साधं वीस डब्ल्यू पन्नास पुरतं. इंजिन नुकतंच बोअर करून नव्या रिंगा आणि नवे सील घातले असतील, तर त्याच जाडीचं सिंथेटिकही चालेल. बिघडलंच तर खिशाचं बिघडेल. निळा धूर येत असेल तर डबा बदलू नका, हेड उतरवा. गाडी फिरो न फिरो, ऑइल आणि फिल्टर वर्षातून एकदा बदला, आणि पट्टी अधूनमधून काढून बघा. बदललेलं काळं ऑइल धोकादायक कचऱ्यात मोडतं. ते गटारात ओतू नका, अधिकृत ठिकाणी जमा करणाऱ्या गॅरेजातच द्या.