सर्व्हर डाऊन हाय!

आमच्या मोडनिंबात ज्याला सही करता येत नाही त्यालाही 'सर्व्हर डाऊन' म्हणता येतं. पीकविमा भरायला गेलं, सर्व्हर डाऊन. सातबारा काढायला गेलं, सर्व्हर डाऊन. रेशनला अंगठा उठेना, सर्व्हर डाऊन. मध्यंतरी गल्लीतल्या एका पोराचं ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हा पारावरच्या एका म्हाताऱ्यानं हेच कारण सांगितलं आणि बाकीच्यांनी गंभीरपणे माना हलवल्या.

माझी पंचाईत अशी की माझं पोट याच धंद्यावर चालतं. पुण्यातल्या एका कंपनीसाठी मी ब्राउझरमध्ये चालणारा कोड लिहितो. लॉकडाऊनमध्ये गावी आलो आणि इथंच राहिलो. गावाच्या लेखी मी 'कॉम्प्युटरमधलं समदं' करतो. त्यात प्रिंटरची दुरुस्ती, मोबाइलचा विसरलेला पासवर्ड आणि जावयाला नोकरी लावून देणं हेही येतं. त्यामुळं माणसं फॉर्म घेऊन घरी येतात आणि पायरीवर चप्पल काढता काढता निकाल सांगून मोकळी होतात. "नुसतं गोल गोल फिरतंय. सर्व्हर डाऊन हाय."

मी म्हणतो, "सर्व्हर डाऊन नाही." हे ऐकलं की समोरच्याचं तोंड उतरतं. सर्व्हर डाऊन असला तर कुणाचाच दोष नसतो, कागद पिशवीत घालून घरी जाऊन भाकरी खाता येते. सर्व्हर चालू आहे म्हटल्यावर बसावं लागतं.

बसवून घेऊन मी जे सांगतो ते असं. ती गोल फिरणारी चकती सर्व्हर फिरवत नाही. सर्व्हरला तिचा पत्ताही नसतो. माझ्यासारखाच कुणीतरी एसीत बसून ती लावून देतो: विनंती निघाली की फिरायला लाग, उत्तर आलं की थांब. मधल्या मध्ये आमच्या कोडचा पाय घसरला तर 'थांब' म्हणायला कुणी उरत नाही, आणि चकती पुढच्या पिढीपर्यंत फिरत राहते. सर्व्हरनं उत्तर देऊन कधीच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं तोंड वळवलेलं असतं.

हे माझ्या चुलत्यांना, म्हणजे तात्यांना, पटवताना मला त्यांच्या बोरांचा आधार घ्यावा लागला. मोडनिंबला हिवाळ्यात बोरांचा बाजार भरतो: उमराण, चमेली, अलीकडं ॲपल बोर. तात्यांचा थोडा माल इथल्या सौद्यात जातो, थोडा टेम्पोनं पुण्याला अडत्याकडं. टेम्पो निघाला की तात्या त्याच्या मागं धावत नाहीत, की हायवेला उकिडवे बसून राहत नाहीत. बागेत येतात, बायकांना पुढची ओळ तोडायला लावतात, मोटार चालू करतात. पट्टी यायची तेव्हा येते. डाग किती, वजन किती, भाव काय लागला, हमाली-तोलाई-मोटारभाडं किती कापलं आणि हातात काय पडणार, सगळं तिच्यावर असतं. ती आली की मग तात्या चष्मा शोधायला लागतात.

"तात्या, ब्राउझरची असिंक्रोनस विनंती म्हणजे हेच. माल धाडायचा, आपलं काम करत राहायचं, आणि पट्टी आल्यावर काय करायचं ते आधीच ठरवून ठेवायचं."

"मग यात शिकायचं काय हाय? ह्ये तर आमी शाळंत न शिकता करतोय."

शिकायचं एवढंच, की पानावरची सगळी कामं करायला जावास्क्रिप्टकडं गडी एकच. तो पट्टीची वाट बघत फाटकात उभा राहिला तर दाबलेलं बटण कळत नाही आणि पान थिजून बसतं. ही भाषा ब्रेंडन आइक या गृहस्थांनी नेटस्केपमध्ये मे १९९५ मध्ये दहा दिवसांत उभी केली. तात्यांना सांगितलं तर म्हणाले, "धा दिसात कांद्याचं रोप बी येत न्हाई." सुरुवातीला पानाला सर्व्हरकडून चिमूटभर काही हवं असलं तरी अख्खं पान पुन्हा मागवावं लागे. मायक्रोसॉफ्टमध्ये आउटलुक ब्राउझरात आणणाऱ्या मंडळींना ते परवडेना. त्यांनी पान जागेवर ठेवून मागच्या मागं सर्व्हरशी बोलायची सोय काढली आणि ती १९९९ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मधून बाहेर पडली. तिचं नाव एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट. एका दमात म्हणून दाखवावं. २००५ च्या फेब्रुवारीत जेसी जेम्स गॅरेट यांनी या सगळ्या कारभाराला 'एजॅक्स' असं तोंडात बसणारं नाव दिलं, आणि तेव्हापासून जगभर चकत्या फिरू लागल्या.

आता तपासणी. एफ-१२ दाबायचं आणि 'नेटवर्क' उघडायचं. पानानं धाडलेल्या प्रत्येक विनंतीची तिथं एक ओळ असते आणि ओळीत स्टेटसचा आकडा. २०० म्हणजे मिळालं. ४०१ म्हणजे आपण कोण? ४०४ म्हणजे असलं काही इथं नाही. ५०० म्हणजे सर्व्हरच्याच पोटात कळ आली. आकड्याऐवजी 'पेंडिंग' असेल तर वाट बघणं चालू आहे. मी हे उघडलं की लोक लाल अक्षरं बघून "व्हायरस हाय का?" विचारतात आणि आपला मोबाइल लांब सरकवतात.

पण आकडा बघून भागत नाही. विनंती धाडायची 'फेच' नावाची नवी सोय आहे, तिला एक खोड आहे, आणि ती खोड माहीत नसलेले लोक पोर्टलं बांधतात. फेच तुम्हाला 'प्रॉमिस' देतो. ४०४ आला, ५०० आला, तरी आपण शब्द पाळला असंच तो धरून चालतो, कारण उत्तर तर आणलं ना! उत्तर हाती लागलंच नाही, तरच तो हात वर करतो. आत काय आहे ते ज्याचं त्यानं बघायचं. त्यासाठी 'ओके' नावाची खूण ठेवलेली असते, आणि तिच्याकडं न बघण्याची आमच्या धंद्यात मोठी परंपरा आहे.

"मंजी पट्टी आली, पर आत पैसं न्हाईत, तरी टेम्पोवाला म्हनतो माझं काम झालं."

तात्यांना हे इतक्या लवकर कळायला कारण होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या, बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला. सगळा खर्च वजा जाऊन दोन रुपयांचा चेक हातात पडला, तोही पुढच्या तारखेचा. देशभर बातमी झाली. वजन आहे, पट्टी आहे, चेकवर सही आहे. स्टेटस २००. आत दोन रुपये, आणि तेही पेंडिंग. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला फेच शिकवावा लागत नाही.

प्रॉमिसचं आणखी एक आहे. २०१७ पासून या भाषेत 'अवेट' आला. विनंतीच्या आधी तो लिहिला की उत्तर येईपर्यंत कोडची पुढची ओळ थांबते, पान मात्र थिजत नाही. लिहायचा राहिला, तर उत्तराच्या जागी कोरं प्रॉमिसच पुढं जातं. आमच्याकडं एका आजींच्या पावतीवर नावाच्या रकान्यात 'ऑब्जेक्ट प्रॉमिस' छापून आलं होतं. आजींनी ते वाचून घेतलं आणि विचारलं, "ह्यो कोन पाव्हणा माझ्या सातबाऱ्यावर?" वारसनोंदीच्या धास्तीनं त्यांना रात्री झोप लागली नाही.

तात्यांच्या विम्याच्या अर्जात काय निघालं ते सांगतो, कारण असले पेशंट मला सगळ्यात जास्त भेटतात. अर्ज भरता भरता बँकेचं पासबुक हवं झालं. ते पिशवीत नव्हतं, कपाटात नव्हतं. काकूंनी ते देव्हाऱ्याखालच्या डब्यातून काढलं, आणि डबा उघडलाच आहे तर म्हणून जुने फोटोही बघून झाले. मग चहा. तेवढ्यात लॉगिनची मुदत संपली. तात्यांनी 'सबमिट' दाबलं. पोर्टलनं (कुठलं ते सांगत नाही) लॉगिनचं अख्खं पान परत धाडलं, वर २०० चा शिक्का मारून. कोडला हवा होता जेसन, म्हणजे ठरावीक मांडणीतली माहिती. जेसन सहसा सुरू होतो महिरपी कंसानं, हे पान सुरू झालं कोनी कंसानं. कोड पहिल्याच अक्षराला ठेचकाळला आणि 'अनएक्स्पेक्टेड टोकन' म्हणून ओरडला. ओरडा ऐकायला 'कॅच' नावाची सोय असते. ती लिहिली होती, पण आत एक ओळ नाही: चूक आली की गिळायची, ब्र काढायचा नाही. चकती चालू.

मी तात्यांना उत्तराचा मजकूर उघडून दाखवला. तात्या स्क्रीनला नाक लावून बघत राहिले.

"मंजी सर्व्हर म्हनतोय, परत आत या. आन् ह्यो गडी ऐकतच न्हाई."

"हो."

"मग सर्व्हर डाऊन न्हाईच." तात्यांच्या आवाजात दुःख होतं. आधी सुविधा केंद्रात तासभर रांगेत उभं राहून त्यांनी सर्व्हरला ज्या शिव्या घातल्या होत्या, त्या आता कुणाच्या नावावर टाकायच्या हा प्रश्न होता. मी नाव सांगायचं टाळलं. धंद्यातला माणूस होता.

या सगळ्यांपेक्षा चिवट प्रकार म्हणजे गाव निवडायची चौकट. 'मो' टाइप केलं की एक विनंती जाते. 'मोड' झालं की दुसरी. 'मोडनिंब' झालं की आणखी एक. आता 'मो'नं सुरू होणारी गावं राज्यात भरमसाट: मोहोळ, मोर्शी, मोखाडा, मोताळा. यादी मोठी, म्हणून ती रेंगाळत येते. 'मोडनिंब'चं उत्तर एका ओळीचं, ते आधी येऊन बसतं. माणूस खूश होतो, बोट पुढं नेतो, आणि नेमकी तेव्हा 'मो'ची जुनी यादी येऊन नवी पुसून टाकते. बोट पडतं मोहोळवर. आमच्या गल्लीतल्या एका वहिनींचा अर्ज असाच शेजारच्या तालुक्यात नांदायला गेला.

हा बिघाड पुण्याच्या ऑफिसात दिसत नाही. तिथलं नेट इतकं जोरात की विनंत्या गेल्या त्याच क्रमानं गुमान परत येतात. मोडनिंबात पाऊस पडत असताना, सगळं गाव एकाच टॉवरला लोंबकळत असताना, तो दिसतो. साहेब लोक म्हणतात, "आमच्याकडं तर व्यवस्थित चालतंय." चालणारच. उपाय मात्र सोपा आहे. विनंत्यांना नंबर द्यायचे आणि शेवटच्या नंबराचं सोडून बाकीची उत्तरं टाकून द्यायची. नाहीतर नवी विनंती निघताना ॲबॉर्टकंट्रोलरनं जुनी रद्द करायची. शिवाय अक्षरागणिक सर्व्हरकडं पळायचं नाही, माणसाची बोटं क्षणभर थांबू द्यायची. तात्या पट्टी आली की आधी तारीख बघतात. मागच्या तोडीची असली तर तिच्यावरून आजचा हिशेब करत नाहीत. दहावी नापास आहेत.

कॉर्स नावाच्या नियमाबद्दल मी गावात बोलणं सोडलंय. सर्व्हर उत्तर देतो, ते ब्राउझरपर्यंत पोचतं, आणि ब्राउझर ते कोडच्या हाती लागू देत नाही; या पत्त्यावरच्या पानाला ते वाचायची परवानगी सर्व्हरनं लिहून दिलेली नाही म्हणून. हे एकदा समजावून सांगितलं, तर एकजण उसासा टाकून म्हणाला, "आमच्या भावकीचं काय येगळं हाय?" पुढं तो वाटणीच्या दाव्यावर बोलत राहिला.

आणि एक भूत आहे. एफ-१२ उघडं असेपर्यंत सगळं सुरळीत, बंद केलं की बिघाड हजर. अशा वेळी मांत्रिकाकडं न जाता त्या खिडकीतली 'डिसेबल कॅश'ची खूण बघावी. ती खूण खिडकी उघडी असेपर्यंतच लागू असते. आपण बघतोय तोवर ब्राउझर ताजं आणतो, पाठ फिरली की शिळं वाढतो.

गावात सगळ्यात जास्त नुकसान मात्र बोट करतं. चकती फिरतेय म्हटल्यावर माणूस बटण पुन्हा दाबतो. मग पुन्हा, जरा जोरात. उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं नाही असं त्याला वाटतं. तसं नसतं. विनंती पोचली असेल, पैसे कापले असतील, उत्तर तेवढं वाटेत राहिलं असेल. पट्टी आली नाही म्हणून तात्या तोच माल पुन्हा धाडत नाहीत. धाडणार कुठून, बोर एकदाच तोडता येतं. बटण कितीदाही दाबता येतं. चांगला कोड पहिल्या दाबालाच बटण निपचित करतो आणि विनंतीबरोबर खुणेचा एक क्रमांक धाडतो, म्हणजे तीच विनंती पुन्हा आली तर सर्व्हर ओळखतो. वाईट कोड यातलं काही करत नाही. मग हप्ता दोनदा जातो आणि वर 'आपण आधीच अर्ज भरला आहे' अशी समज मिळते. २०२३ च्या खरिपापासून विमा एक रुपयात होता, तोवर दोनदा कापला गेला तरी वरचा एक रुपया जायचा. २०२५ मध्ये ती सोय बंद झाली; आता बोट सांभाळून टाकावं लागतं.

धंद्यातल्या मंडळींना विनंती: कॅच रिकामा ठेवू नका, आणि पोर्टल लोकांच्या गळ्यात मारण्याआधी त्याच नेटवर्कच्या खिडकीत वेग मुद्दाम कमी करून चालवून बघा. ते जमत नसेल तर मोडनिंबला या, वेग आपोआप कमी होतो. गावकऱ्यांना विनंती: माझ्याकडं येताना स्टेटसचा आकडा घेऊन या. 'गोल फिरतंय' एवढंच सांगायचं असेल तर जानेवारीत येऊ नका. मी तात्यांबरोबर सौद्यात असतो, आणि तिथं भाव तोंडावर सांगतात.