श्वानप्रेमाचे अंदाजपत्रक

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांपर्यंत जातो. अशा शहरात सायबेरियन हस्की पाळणाऱ्या कुटुंबाचे कौतुक करावे तेवढे थोडे. बर्फात स्लेज ओढण्यासाठी घडलेल्या त्या दुहेरी केसांच्या जनावराला विदर्भाचा उन्हाळा दाखवणे, केवढे हे विश्वबंधुत्व! शिवाय एसी लावतात की. पाहुणे आले म्हणजे.

खर्चाची शिस्तही आदर्श. पिल्लू 50 हजारांचे. वाढदिवसाला फुगे, फोटोग्राफर आणि केक. केक चॉकलेटचा, कारण मुलांना तोच आवडतो. चॉकलेटमधले थिओब्रोमिन कुत्र्याला विषारी असते, असे डॉक्टर सांगतात खरे. पण ते तपासणीचे पैसे घेतात, म्हणजे लुटारूच. पार्व्होची लस? ‘तो बाहेर जातोय कुठे?’ रक्ततपासणी? ‘आमच्या आजोबांच्या कुत्र्याला कुठे रक्त होते?’

आमची नम्र सूचना अशी की, यापुढे प्रत्येक श्वानाने आपली व्यथा लेखी, तीन प्रतींत सादर करावी. सोबत मालकाच्या उत्पन्नाचा दाखला जोडावा. धाप लागणे, लाळ गळणे, कोपऱ्यात पडून राहणे हे पुरावे ग्राह्य धरू नयेत. ते लाडाने होते. मुदतीत अर्ज न आल्यास प्राणी सुखी आहे, असे समजावे.

त्याच घरी भांडी घासणाऱ्या मावशींचा मोती मात्र सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून रेबीजची लस टोचून आला. सोसायटीने तातडीने ठराव केला: मोतीला फाटकाच्या आत घेऊ नये. अशा कुत्र्यांमुळे रोग पसरतात.