पाठीला डोळा

चाकणहून निघालेल्या कार-कॅरियरवर कोऱ्या गाड्यांची दुमजली चळत. जुलै २०१९पासून नव्या कारला मागचे सेन्सर सक्तीचे झाले. बऱ्याच गाड्यांना वर कॅमेराही. थोडक्यात, वाहिल्या जाणाऱ्या सगळ्या डोळस आणि वाहणाराच आंधळा! त्याची सारी भिस्त क्लीनरच्या ‘येऊ द्या, येऊ द्या’वर.

मग मालक बिनतारी कॅमेरा आणतो. बिनतारी असतं ते फक्त चित्र. वीज हवेतून येत नाही, ती रिव्हर्सच्या दिव्यातून घ्यायची. त्या दिव्याची वायर गेल्या पावसाळ्यातच कुजलेली. ती जोडली, तर ट्रकची वीज २४ व्होल्टची आणि स्वस्तात मिळाला म्हणून आणलेला कॅमेरा १२चा. पहिल्याच रिव्हर्सला धूर. (तो मात्र आरशातही स्वच्छ दिसतो.)

दुसरा कॅमेरा टिकतो. पण केबिनपर्यंत मध्ये सगळं लोखंडच, त्यामुळे भिंत आधी येते, तिचं चित्र मागाहून.

मालक खूश आहे. क्लीनरचा पगार वाचेल म्हणतो. लेन्सवरचा चिखल कोण पुसणार, हे अजून कुणी त्याला विचारलेलं नाही.