मास्तरांची दोन मिनिटं

रविवारची उपासना आटोपत आली, की आमच्या नगरच्या मंडळीचे पाळकसाहेब सूचनांचा कागद उलगडतात आणि पहिल्या बाकाकडे बघायचं टाळतात. पहिल्या बाकावर मास्तर. "आणखी काही?" असं विचारायची सोय नाही, ते आधीच उभे. "दोनच मिनिटं घेतो."

मास्तरांची दोन मिनिटं १८५७ पासून सुरू होतात.

त्या साली काय झालं, हे ते संडे स्कूलच्या पोरांनाही हटकून विचारतात. पोरं बिचारी "उठाव" म्हणतात. "तो झालाच. आणखी?" मग बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन', मराठीतली पहिली कादंबरी, तीही ख्रिस्ती माणसाची, विधवांच्या हालांवर, तेव्हा आगरकर पाळण्यात होते, हे सगळं एका दमात. 'पहिली कुठली, यावर वाद आहेत' असं कुणी शहाण्याने म्हटलंच, तर मास्तर त्याला वाद घालायला घरी बोलावतात. तो चहा पिऊन आणि दोन पुस्तकं विकत घेऊन परततो.

स्वतः मास्तर एक ओळ लिहीत नाहीत. दुसऱ्यांनी लिहिलेलं खपवायचं, हे त्यांचं निवृत्तीनंतरचं व्रत. आपल्याकडचा होतकरू कादंबरीकार पदरमोड करून पाचशे प्रती छापतो, त्या पलंगाखाली जातात, आणि एके दिवशी त्याची बायको मास्तरांना फोन करते.

पुण्याच्या एसटीत त्यांच्या शेजारी बसलात तर संपलंच. "टिळक वाचलेत?" "म्हणजे, केसरी?" "ते नव्हे हो. रेव्हरंड." नारायण वामनांवरून लक्ष्मीबाईंवर येईतो सुपा मागे पडतं. 'स्मृतिचित्रे'चं नाव निघालं की शेजारी खुलतो. तेवढ्यात पिशवीतून एक ताजी कादंबरी बाहेर येते. "त्याच परंपरेतली." हा मास्तरांचा हातखंडा डाव, आणि खरं सांगायचं तर शुद्ध लबाडी. लक्ष्मीबाई स्वतःला हसायच्या, नवऱ्यालाही सोडायच्या नाहीत. या कादंबऱ्यांत कुणी हसतच नाही. नवरा पितो, बायको गुडघे टेकते, शेवटच्या प्रकरणात नाताळ येतो आणि नवरा सुधारतो. मास्तरांचा मात्र सगळ्यांना एकच शेरा : "डोळ्यांत पाणी येतं!"

एरवी कॅथलिकांशी त्यांचं बेताचंच. पण २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाला फादर दिब्रिटो अध्यक्ष झाले, तेव्हा महिनाभर मास्तरांचा पंथभेद पार मिटला होता. "आपले फादर," असं ते भाजीवाल्यालाही सांगत. फादर वसईचे, 'सुबोध बायबल'वाले. मास्तरांच्या पिशवीत त्यांचं काहीच नव्हतं. तरी त्या महिन्यात त्यांनी छाती काढून पिशवी मिरवली.

एवढा उदार माणूस टीका करतच नसेल, असं मला बरेच दिवस वाटे. मग एकदा त्यांच्याकडून घेतलेली प्रत घरी येऊन उघडली. आत लाल शाई. तीस वर्षं मराठी शिकवलेल्या हाताने प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेला, 'आशिर्वाद'चा 'आशीर्वाद' केलेला. विकायच्या प्रत्येक प्रतीत हेच, हाताने, रात्री बसून! चूक असलेला माल मंडळीत द्यायचा नाही, हा दंडक. दारुड्याने चाळिसाव्या पानावरच बाटली फोडली होती, तिथे समासात बारीक अक्षरात एकच शब्द : 'घाई.'

नाताळाच्या आधी मास्तरांनी पुस्तकांचं टेबल मांडलं होतं, तेव्हा अशी एक प्रत खुद्द लेखकाच्याच हाती लागली. तो मान खाली घालून पानं उलटत राहिला. चाळिसाव्या पानावर बराच वेळ थांबला. मास्तर नको तितक्या लक्षपूर्वक सुटे पैसे मोजू लागले.

"मास्तर," लेखक शेवटी म्हणाला, "दुसरी आवृत्ती यावरूनच काढू का?"

"काढा की," मास्तर म्हणाले. "आधी पलंगाखालची संपू द्या."