सावलीचे कारभारी

अण्णा वीज खात्यातून वायरमन म्हणून निवृत्त झाले. उभी हयात तारांखालच्या फांद्या तोडण्यात गेली. पेन्शन सुरू झाली आणि अण्णांनी पार्टी बदलली. कोल्हापूरला पार्टी बदलण्याचं अप्रूप नाही, पण अण्णा परत फिरले नाहीत, हे विशेष. आता कळंब्याकडच्या आमच्या कॉलनीत एकही झाड त्यांना विचारल्याशिवाय पान गाळत नाही, असा निदान त्यांचा समज आहे.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत. कोपऱ्यावरचे वकील म्हणजे 'करंज'. डॉक्टरीणबाई म्हणजे 'बहावा'. "करंजाची मुलगी बारावीला चांगली आली," असं ते कौतुकानं सांगतात, आणि ऐकणाऱ्यालाही त्यात काही वावगं वाटेनासं झालंय.

जून लागला की झाडं लावायला सगळं गाव बाहेर पडतं. आधी पाच तारखेचा पर्यावरण दिन, मग कुणाचा तरी वाढदिवस. तालमीची पोरं येतात, साहेब येतात, रोप गुडघ्याएवढं आणि बॅनर दोन मजली. अण्णा कुणालाच अडवत नाहीत. उलट तीन बाय तीनचे खड्डे तयार ठेवतात, तळाला पाला, वर शेणखत-माती. अट एकच. "सायेब, फोटो दोन काढायचं. एक आज, एक एप्रिलात. एप्रिलात येताना घागर आणायची." एप्रिलच्या सगळ्या फोटोंत आजवर एकटे अण्णाच आहेत.

खरं मरण उन्हाळ्यातच असतं. पहिले दोन-तीन उन्हाळे निभावले की मुळं खाली जाऊन ओल धरतात. तोवर रोप आपल्या जिवावर. म्हणून ऊसतोड झाली की शेतकरी जे पाचट पेटवून मोकळे होतात, त्याचे भारे अण्णा आपल्या जुन्या लुनावर लादून आणतात. मागून बघणाऱ्याला गंजीच रस्त्यानं चालल्यासारखी वाटते. ते पाचट आळ्यात वीतभर जाड अंथरायचं, पण बुंध्यापासून चार बोटं लांब, नाहीतर साल कुजते. रोप काठीला बांधायचं ते तारेनं नाही, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीनं, आणि वेढा इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा, म्हणजे वाऱ्यात खोड डुलतं पण काठीवर घासत नाही. पट्टी आवळताना अण्णा श्वास रोखतात. बहुधा खांबावरची सवय.

सावली सगळ्यांनाच पाहिजे. फक्त ती आपल्या गाडीवर पडावी आणि पाला शेजाऱ्याच्या दारात, एवढीच माफक अपेक्षा. पावसाळा सरल्यावर सप्तपर्णी फुलते आणि निम्म्या कॉलनीचं डोकं दुखायला लागतं. अण्णांचं औषध ठरलेलं : "खिडकी लावा." मागे एकांनी नवी मोठी गाडी घेतली आणि ती आत घ्यायला स्वतःच्याच आवारातला आंबा पाडायचं ठरवलं. अण्णांनी फाटकात उभं राहून 'महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975' हे नाव एका दमात म्हटलं. आवार तुमचं असलं तरी परवानगी लागतीया, हे सांगितलं. वर 2021 ची दुरुस्ती काढली : पन्नास वर्षांचं झाड आता प्राचीन वृक्ष. "तुमचं वय किती?" गृहस्थ म्हणाले, चौपन्न. "मग तुमास्नी बी हात लावता येणार न्हाई. चला, च्या पाजा." गाडी आजही रस्त्यावरच उभी असते.

फुटपाथला ब्लॉक बसवायला माणसं आली, तेव्हाही असंच. झाडाभोवती एक मीटर काँक्रीट नको, या हरित लवादाच्या 2013 च्या आदेशाचं कात्रण अण्णांनी लॅमिनेट करून ठेवलंय. मुकादम म्हणाला, "अण्णा, ह्यो दिल्लीचा हाय."

"मग हितली झाडं काय वाऱ्यावर जगत्यात?"

जागा सुटली. मात्र एक मीटर मोजताना टेप अण्णांच्या हातात होता, त्यामुळे तो सव्वा मीटर भरला.

मे महिन्यात वायरमन पोरं कोयते घेऊन येतात, तेव्हा मात्र बघण्यासारखं असतं. अण्णा खाली उभे राहून मान वर करून ओरडतात, "आधी खालनं चीर दे, मग वरनं काप! साल सोलतीया! बुडाची गाठ राख, तिथनंच जखम भरतीया." पोरं निमूट ऐकतात, कारण खांबावर चढायला त्यांना अण्णांनीच शिकवलंय. एकदा एकजण शिडीवरून बोललाच, "अण्णा, बुडापास्नं मारायचं तुमीच सांगितलं व्हतं की."

"तवा मला पगार व्हता," अण्णा म्हणाले.

एवढं सगळं करून अण्णांच्या स्वतःच्या दारात झाड नाही. वरून लाइन जाते. तिच्याखाली काय वाढतं आणि मग त्याचं काय होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यामुळे दुपारी लुना आमच्या कडुनिंबाखाली लागते. परवा संध्याकाळी बेल वाजली. दारात अण्णा, चेहरा तक्रारीचा.

"सर, तुमच्या झाडावरच्या पाखरांनी सीटची पार वाट लावलीया. जरा फडकं द्या. वलं करून द्या."