पाइपांचा तंटामुक्ती अध्यक्ष

लग्नाच्या हॉलमध्ये सगळे वधूवरांवर अक्षता टाकत असताना एक इसम छताकडे बघत उभा असतो. तो बिमचा, म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंगचा, को-ऑर्डिनेटर. एसीची डक्ट बीमखालून वाकवून नेली आहे, म्हणजे कामाआधी ड्रॉइंगं कुणी एकत्र बघितलीच नव्हती, हे त्याला मंगलाष्टकं संपायच्या आत कळलेलं असतं. शेजारच्या मावशींनाही कळतं. न विचारता.

पुण्यात ही जमात मुबलक. त्यातले पुष्कळजण परदेशातल्या इमारती जुळवतात. ब्रिटनने एप्रिल 2016 पासून केंद्र सरकारच्या कामांना बिम सक्तीचं केलं आणि यांच्या पोळीवर तूप पडलं. ज्या इस्पितळात आयुष्यात पाऊल पडणार नाही, तिथला प्रत्येक नळ त्याला स्वतःच्या सोसायटीतल्या नळापेक्षा नीट ठाऊक असतो.

काम सांगायला सोपं. आर्किटेक्ट, स्ट्रक्चर, प्लंबिंग, इलेक्ट्रिकल, सगळ्यांची मॉडेलं नेव्हिसवर्क्समध्ये एकावर एक ठेवायची आणि कोण कुणाच्या अंगात घुसलंय ते शोधायचं. पहिल्या फेरीत क्लॅश हजारांनी निघतात. बरेचसे फुसके, दिवा फॉल्स सीलिंगला शिवला म्हणून सॉफ्टवेअरने केलेली आरडाओरड. उरलेल्यांसाठी मीटिंग. सांडपाण्याच्या पाइपाला उतार लागतो, मीटरला सेंटीमीटरभर तरी, म्हणून तो हलत नाही. डक्ट धिप्पाड, तिला वळवणं महाग. बीमला भोक पाडायची नुसती भाषा केली की स्ट्रक्चरवाला कॅमेरा बंद करतो. राहता राहिली केबल ट्रे.

“दर वेळी मीच का?” इलेक्ट्रिकलवाला कळवळतो.

“कारण तुमची वीज चढ चढते.”

थ्रीडी त्याच्या लेखी बालवाडी. नागपूर मेट्रोने 5डी बिम वापरलं, हे तो माहेरचं कौतुक सांगावं तसं सांगतो: चौथी मिती वेळ, पाचवी पैसा. आर्किकॅडवाला भेटला की मात्र सॉफ्टवेअरच्या ज्येष्ठतेचा वाद पेटतो. हंगेरीचं आर्किकॅड 1980 च्या दशकातलं. याचं रेव्हिट 2000 सालचं, 2002 मध्ये ऑटोडेस्कने 13.3 कोटी डॉलरना घेतलेलं. दोघांत निरोप न्यायला आयएफसी नावाचा फॉरमॅट आहे. निरोप पोचतो, पण सुबक दरवाजा कधीकधी नुसता ठोकळा होऊन. रेव्हिटचीही एक खोड आहेच. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुनीत उघडत नाही. क्लायंटने न सांगता आवृत्ती बदलली, की हा शांत माणूस ऑफिसच्या पायऱ्या दोनदोन करत उतरतो आणि टपरीवर जाऊन उभा राहतो.

त्याची खरी परीक्षा असते ती इथल्या साइटवर. हातात टॅब, त्यात मिलिमीटरपर्यंत बिनचूक मॉडेल. मुकादम कौतुकाने बघतो.

“भारी आहे साहेब. पण तुमच्या टॅबमधली भिंत सरळ आहे. ही आमच्या गवंड्याने बांधलीय.”

साहेब टेप लावतात. भिंत चाळीस मिलिमीटर बाहेर. प्लास्टर अजून व्हायचंय. साहेब पाइपाकडे बघतात, डक्टकडे बघतात आणि निमूटपणे इलेक्ट्रिकलवाल्याला फोन लावतात.